युद्धासाठी घडल्या, पण सैन्यात पोचल्या नाहीत अशा रायफली: दोष रचनेचा, काडतुसाचा की वेळेचा?

धनुर्धर

दोन महायुद्धांतील रायफलींविषयी वाचताना आपण बहुधा ली-एनफिल्ड, माउझर, गॅरंड आणि शेवटी कलाश्निकोव्ह एवढ्याच नावांवर थांबतो. त्याच कारखान्यांत, त्याच वर्षांत आणि पुष्कळदा त्याच माणसांच्या हातून घडलेल्या, चाचण्यांमध्ये चांगल्या उतरलेल्या आणि तरीही सैनिकाच्या खांद्यावर कधी न आलेल्या रायफलींची यादी मात्र त्याहून मोठी आहे. या धाग्यात त्यांच्याविषयी बोलावे अशी इच्छा आहे.

सुरुवात मला सर्वांत विलक्षण वाटणाऱ्या उदाहरणाने करतो. ८ ऑक्टोबर १९१७ रोजी वॉशिंग्टनमधील काँग्रेस हाइट्स येथील चांदमारीच्या मैदानावर शस्त्ररचनाकार जॉन पेडरसन यांनी अमेरिकी अधिकाऱ्यांसमोर नेहमीच्या स्प्रिंगफील्ड रायफलीतून काही गोळ्या झाडल्या. मग त्यांनी रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता भाग, काढला, त्याच जागी एक लांबट उपकरण सरकवले, ४० काडतुसांचे मॅगझिन त्यात अडकवले आणि ट्रिगर ओढता येईल तितक्या वेगाने गोळीबार सुरू केला. प्रत्येक गोळीमागे बोल्ट ओढावा लागणारी रायफल काही सेकंदांत अर्धस्वयंचलित झाली होती. गुप्तता राखण्यासाठी या उपकरणाला कागदोपत्री ‘१९१८ चे स्वयंचलित पिस्तूल’ असे नाव देण्यात आले. १९१९ च्या वसंतात होऊ घातलेल्या चढाईत खंदकांमधील मोकळी जमीन ओलांडताना सैनिकांनी चालता चालता शत्रूच्या खंदकावर गोळ्यांचा वर्षाव करावा, अशी योजना होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध संपले. सुमारे ६५,००० उपकरणे तयार झाली होती. त्यांतले एकही लढाईत वापरले गेले नाही आणि पुढे १९३१ च्या सुमारास ती जवळजवळ सगळी नष्ट करण्यात आली.

माझे मत असे की अशा रायफली बहुतेक वेळा रचनेतल्या दोषामुळे मागे पडलेल्या नाहीत. कोठारांत आधीच भरून ठेवलेले काडतूस, यंत्रे बदलण्यास कारखान्यांची असलेली अडचण आणि अचानक संपलेले युद्ध यांनी त्यांचा निकाल लावला. आपले अनुभव आणि मतभेद दोन्ही वाचायला आवडतील.

सुभेदार_सातारकर

धनुर्धर, विषय उत्तम निवडला आहे, परंतु पहिल्याच उदाहरणावर माझा मतभेद आहे. पेडरसन यांची बुद्धी थोर होती यात शंका नाही. तरीही पायदळात नोकरी केलेला माणूस म्हणून विचारतो, ते उपकरण बसवताना काढलेला बोल्ट सैनिकाने ठेवायचा कुठे? त्यासाठी कमरेला वेगळी पिशवी होती, उपकरणासाठी पत्र्याचा वेगळा डबा होता, मॅगझिनांची वेगळी पिशवी होती, आणि यांखेरीज रायफलीची मूळ काडतुसे होतीच. लढाईच्या गोंधळात, चिखलाने माखलेल्या हातांनी हा अदलाबदल करायचा. बोल्ट खंदकात पडला, तर रायफल पुन्हा रायफल होणार नाही, कारण उपकरणाची गोळी लांबवर मारा करण्याच्या कामाची नाही.

त्या गोळीविषयीही बोलले पाहिजे. तिचे वजन सुमारे ५ ग्रॅम आणि वेग सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास. मूळ स्प्रिंगफील्डची गोळी जवळजवळ दुप्पट वजनाची आणि दुप्पट वेगाची. हिशेब केला तर मूळ गोळीच्या ताकदीचा आठवा हिस्साही उपकरणाच्या गोळीत नव्हता. साडेचार किलोच्या आसपासची लांब रायफल खांद्यावर बाळगायची आणि तिच्यातून पिस्तुलाचा मारा करायचा, हे मला सैनिकाच्या बाजूने पाहता पटत नाही. युद्ध आणखी वर्षभर चालले असते, तर या उपकरणाचे दोष मैदानातच उघडे पडले असते.

मृण्मयी_क

सुभेदार साहेबांच्या मुद्द्याला माझा छोटासा दुजोरा. एनसीसीमध्ये असताना आम्हाला .२२ रायफल खोलून पुन्हा जोडण्याचा सराव करावा लागे. बोल्ट बाहेर काढला की आमचे उस्ताद तो जमिनीवर टेकवू देत नसत, कारण त्याला लावलेल्या तेलावर बारीक रेती क्षणात चिकटते आणि मग तो मागे-पुढे करताना करकरतो. मैदानावर, शांतपणे, चटईवर बसून करण्याचे ते काम गोळीबार चालू असताना करायचे ही कल्पनाच कठीण वाटते.

मात्र धनुर्धर यांचे मूळ म्हणणे मला पेडरसन यांच्याच पुढच्या कामात अधिक खरे दिसते. युद्धानंतर त्यांनी .२७६ कॅलिबरची (कॅलिबर म्हणजे नळीचे माप, इथे इंचात) संपूर्ण अर्धस्वयंचलित रायफल तयार केली आणि ती गॅरंड यांच्या रायफलीशी स्पर्धेत होती. १९३२ मध्ये सेनाप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी .२७६ काडतूस नाकारले, कारण कोठारांत .३० काडतुसांचा प्रचंड साठा होता आणि मशीनगनही तेच काडतूस वापरत होत्या. त्या एका निर्णयाने पेडरसन मागे पडले आणि ज्यांच्याकडे .३० मध्ये चालणारी रचना होती ते गॅरंड पुढे गेले.

कुतूहल

मी या विषयात नवखा आहे. काडतूस बदलणे एवढे अवघड का असते? रायफल नवी, मग काडतूसही नवे, यात अडचण कोणती?

इतिहासवेडा

कुतूहल, याचे एक जिवंत उदाहरण आपल्याच सैनिकांच्या इतिहासात आहे. १९१४ च्या शरदात लाहोर आणि मेरठ या दोन भारतीय डिव्हिजन फ्रान्समध्ये मार्सेयच्या बंदरात उतरल्या, तेव्हा त्यांच्याजवळच्या रायफली जुन्या, बोथट आणि जड गोळीच्या काडतुसासाठी होत्या. ब्रिटिश सैन्याने तोवर टोकदार, हलक्या गोळीचे नवे काडतूस स्वीकारले होते. दोन्ही .३०३ च, परंतु गोळीचा वेग वेगळा असल्याने नेम धरण्याच्या पट्टीवरच्या अंतराच्या खुणा जुळत नव्हत्या. परिणामी आघाडीवर जाण्यापूर्वी या सैनिकांच्या रायफलीच बदलून द्याव्या लागल्या आणि अनोळखी शस्त्र हातात घेऊन ते फ्लँडर्समध्ये लढायला गेले. एकाच मापाच्या काडतुसातल्या एवढ्याशा फरकाने हे घडले. माप पूर्णपणे बदलले तर आगगाडीचे डबे, जहाजे, खेचरांवरच्या पेट्या, मशीनगनचे पट्टे आणि काडतुसांच्या कारखान्यातली प्रत्येक यंत्रजोडणी बदलावी लागते. आपल्याकडे खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे. असा कारखाना नव्या मापावर आणणे म्हणजे काय, हे तिथे काम केलेली मंडळी अधिक चांगले सांगू शकतील.

याच काळातील ब्रिटनची ‘पॅटर्न १९१३’ रायफल या धाग्यात आलीच पाहिजे. बोअर युद्धात माउझरचा लांब पल्ल्याचा अचूक मारा सोसल्यावर ब्रिटिशांनी .२७६ चे अतिशय जोरकस काडतूस आणि त्यासाठी नवी रायफल तयार केली. चाचण्यांत तिची नळी लवकर झिजत असे, तोंडाशी मोठा जाळ दिसत असे आणि धक्काही फार बसत असे. हे दोष दुरुस्त होण्याआधीच १९१४ चे युद्ध सुरू झाले, नवे काडतूस बाजूला ठेवण्यात आले आणि तीच रायफल .३०३ मध्ये बदलून अमेरिकेतील कारखान्यांकडून बनवून घेण्यात आली. पुढे अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तेच कारखाने, तीच रायफल आणि अमेरिकी काडतूस असा मेळ बसून ‘मॉडेल १९१७’ जन्मली. म्हणजे मूळ रायफल सेवेत गेली नाही, पण तिच्या शरीरात दुसऱ्यांची काडतुसे घालून दोन देशांच्या फौजा लढल्या.

ओटावाकर

कॅनडात राहत असल्यामुळे इथल्या एका रायफलीची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. रॉस रायफलीची दुर्दशा अनेकांना ठाऊक असेल. चांदमारीत अत्यंत अचूक असलेली ही रायफल १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्रच्या चिखलात अडकू लागली, सैनिक पायाने लाथ मारून बोल्ट उघडू लागले आणि १९१६ मध्ये कॅनडाच्या सैन्याने तिच्या जागी ली-एनफिल्ड घेतली. हजारो रॉस रायफली निरुपयोगी पडून राहिल्या.

क्विबेकचे जोसेफ आल्फोन्स युओ यांनी याच पडून असलेल्या रायफलीत संधी पाहिली. रॉसचा बोल्ट उघडण्यासाठी मूठ वर फिरवावी लागत नाही, ती सरळ मागे ओढायची असते; वळण्याचे काम बोल्टचे डोके आतल्या आत करते. युओ यांनी नळीच्या डाव्या बाजूला वायूने मागे सरकणारा दट्ट्या बसवला आणि माणसाचा हात जे काम करी ते त्या दट्ट्याकडे सोपवले. सरळ मागे जाणारा दट्ट्या आणि सरळ मागे येणारा बोल्ट यांची ही सांगड मला फार सुंदर वाटते, कारण ली-एनफिल्डसारख्या फिरत्या मुठीच्या रायफलीत हेच करायचे तर मुठीला वळवण्यासाठी वेगळी खटपट करावी लागते. खाली २५ काडतुसांचे गोल मॅगझिन लावले आणि रद्द झालेल्या रायफलीपासून हलकी स्वयंचलित रायफल तयार झाली. तिचे अनेक सुटे भाग रॉसचेच असल्यामुळे ती लुईस गन या हलक्या मशीनगनच्या मानाने पुष्कळच स्वस्त पडणार होती. १९१८ मध्ये इंग्लंडमधील हाइथ येथे तिच्या चाचण्या झाल्या, कॅनेडियन कोअरचे सेनापती आर्थर करी यांनीही तिची मागणी केली, आणि तेवढ्यात युद्धविराम झाला.

सुभेदार साहेब, इथे तरी आपण वेळेलाच दोष द्याल ना?

सुभेदार_सातारकर

ओटावाकर, युओ यांच्या रायफलीबाबत मी आपल्याशी सहमत आहे. सैनिकाच्या सवयी न बदलता, हाताशी असलेल्या मालातून, तेच काडतूस ठेवून केलेली ती रचना होती. मी मांडत होतो तो मुद्दा यातून अधिक पक्का होतो: शस्त्र किती हुशारीने बनवले आहे याहून ते बाळगणाऱ्या माणसावर किती कमी भार टाकते हे महत्त्वाचे आहे.

याच जातीचे दुसऱ्या महायुद्धातले उदाहरण म्हणजे न्यूझीलंडची चार्लटन रायफल. जपान दाराशी आलेला, ब्रेन आणि लुईस या हलक्या मशीनगन मिळत नव्हत्या, तेव्हा फिलिप चार्लटन यांनी जुन्या लांब ली-मेटफर्ड आणि ली-एनफिल्ड रायफलींना वायूचा दट्ट्या, नळी थंड ठेवणाऱ्या कडा आणि पुढे आधाराची मूठ जोडून स्वयंचलित रूप दिले. सुमारे १,५०० तयार झाल्या, त्या गृहरक्षणासाठी राखून ठेवल्या गेल्या, आक्रमण झालेच नाही, आणि युद्धानंतर पामर्स्टन नॉर्थ येथील कोठाराला लागलेल्या आगीत बहुतेक नष्ट झाल्या.

लोहकाम

माझा व्यवसाय यंत्रकामाचा आहे, त्यामुळे मी कारखान्याच्या बाजूने लिहितो. धनुर्धर यांनी ‘यंत्रे बदलण्याची अडचण’ एका ओळीत उल्लेखली आहे, पण माझ्या मते खरा विषय तिथेच आहे.

१९४३ नंतर जर्मनीतील ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यात ‘गेरेट ०६’ या नावाने एक काम चालू होते. आधीच्या रचनेत वायूचा दट्ट्या होता आणि बोल्ट दोन रोलरांनी पक्का कुलूपबंद होत असे. अभियंत्यांच्या आणि त्यांच्यातील गणितज्ञ कार्ल मायर यांच्या लक्षात आले की रोलर आणि त्यांमागच्या पाचरीचे कोन नीट हिशेबाने ठेवले, तर वायूच्या दट्ट्याची गरजच उरत नाही. ही क्रिया समजून घेण्यासारखी आहे. बोल्टचे हलके डोके पुढे आणि जड भाग मागे असतो. दोन्हींच्या मध्ये रोलर नळीमागच्या खोबणीत बाहेर सरकलेले असतात. स्फोट होताच काडतुसाची रिकामी पुंगळी बोल्टच्या डोक्याला मागे रेटते, पण डोके मागे येण्याआधी रोलरांना आत शिरावे लागते, आणि आत शिरताना ते पाचरीमार्फत मागच्या जड भागाला डोक्याच्या कित्येक पट वेगाने मागे ढकलतात. जड भागाला हलवण्यातच जोर खर्च होत असल्याने डोके क्षणभर रेंगाळते, आणि त्या क्षणात गोळी नळीबाहेर पडून दाब उतरतो. पुंगळी चेंबरला, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेला, चिकटून फाटू नये म्हणून चेंबरच्या आत लांबट चर पाडले, म्हणजे थोडा वायू पुंगळीच्या बाहेरूनही जातो.

याचा कारखान्यासाठी अर्थ असा की दट्ट्या गेला, त्याची नळकांडी गेली, ते जोडण्याचे काम गेले. उरलेला सांगाडा पत्रा दाबून बनवता येत होता. पोलाद, कुशल कामगार आणि वेळ या तिन्हींचा दुष्काळ असलेल्या देशाला याहून योग्य रचना मिळाली नसती. तिला ‘एसटीजी ४५’ म्हणून ओळखतात. चाचणीसाठी ३० रायफलींचे सुटे भाग तयार करण्याचे काम हाती घेतले होते, परंतु एप्रिल १९४५ मध्ये फ्रेंच फौजा ओबर्नडॉर्फमध्ये शिरल्या.

ही रायफल त्या युद्धात लढली नाही, तरी ती मेलीही नाही. तिचे अभियंते आधी फ्रान्ससाठी म्युलूझ येथे राबले. लुडविग फॉर्गरिमलर १९५० मध्ये स्पेनला गेले, तिथे सेटमे रायफल झाली आणि तिच्यावरून १९५९ मध्ये पश्चिम जर्मनीची जी३ रायफल. पुढे हीच रोलरची रचना लहान करून एमपी५ सबमशीनगन झाली. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत आलेल्या एनएसजीच्या जवानांच्या हातात आपण सर्वांनी ती पाहिली आहे.

कुतूहल

लोहकाम, इतके स्पष्ट वर्णन मी प्रथमच वाचले. मनापासून आभार. म्हणजे एखादी रचना सेवेत गेली नाही याचा अर्थ ती वाया गेली असा होत नाही?

इतिहासवेडा

कुतूहल, नेहमी असे घडत नाही, आणि म्हणून सोव्हिएत संघातील एक दुःखद उदाहरण देतो. अलेक्सेई सुदायेव यांचे नाव वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडमध्ये पत्र्यापासून बनवलेल्या पीपीएस सबमशीनगनमुळे अजरामर झाले आहे. १९४३ मध्ये मधल्या ताकदीचे नवे काडतूस तयार झाल्यावर त्यांनी त्यासाठी एएस-४४ ही स्वयंचलित रायफल रचली. १९४४ च्या चाचण्यांत ती इतरांहून सरस ठरली आणि १९४५ मध्ये सैनिकांच्या हाती तपासणीसाठी काही रायफली देण्यातही आल्या. तक्रार एकच आली: ती फार जड आहे. वजन कमी करण्याचे काम सुरू असतानाच सुदायेव आजारी पडले आणि ऑगस्ट १९४६ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे नवी स्पर्धा पुढे चालली आणि तीतून कलाश्निकोव्ह यांची रायफल आली.

धनुर्धर, आपल्या शीर्षकात रचना, काडतूस आणि वेळ आहेत. सुदायेव यांच्या बाबतीत काडतूस योग्य होते, कारखाने तयार होते, राज्यकर्त्यांची इच्छाही होती. रचनेमागचा माणूसच उरला नाही. हे चौथे कारण धाग्यात असावे असे मला मनापासून वाटते.

मृण्मयी_क

सुदायेव यांच्याविषयी वाचून खरोखर वाईट वाटले.

इथे ब्रिटनच्या ईएम-२ रायफलीचा उल्लेख करावा का? १९५१ मध्ये .२८० काडतुसासह ती स्वीकारल्याचे जाहीर झाले आणि त्याच वर्षी चर्चिल पुन्हा सत्तेवर आल्यावर मित्रराष्ट्रांशी काडतूस समान असावे म्हणून तो निर्णय मागे घेतला गेला. ती महायुद्धातली नाही हे मान्य, पण तिच्या जागी ब्रिटनने बेल्जियमच्या रचनेची एसएलआर (पुढचे काडतूस आपोआप भरणारी रायफल) घेतली आणि आपल्या सैन्यानेही पुढे ईशापूरला बनलेली त्याच कुळातली रायफल वापरली, म्हणून विचारले.

सुभेदार_सातारकर

मृण्मयीताई, ईशापूरची ती एसएलआर मी नोकरीतली बरीच वर्षे बाळगली आहे. लांब होती, जड होती, गाडीतून उतरताना तिची नळी हमखास दाराला लागे. चढणीवर खांद्याला तिचा पट्टा काचत असे. पण तीनशे मीटरवर तिची गोळी जिथे पाठवू तिथे जात असे, आणि २० काडतुसांचे मॅगझिन डोळे मिटूनही बदलता येत असे. ईएम-२ आखूड होती आणि तिचे काडतूस सौम्य होते, असे वाचले आहे. डोंगरात चालणाऱ्या सैनिकाला तशी रायफल मिळाली असती तर तिचा उपयोगच झाला असता. काडतुसाच्या मुद्द्यावर धनुर्धर यांचे म्हणणे इथे पूर्णपणे लागू पडते.

धनुर्धर

सर्वांच्या प्रतिसादांबद्दल मनापासून आभारी आहे. सुभेदार साहेबांनी सैनिकाच्या बाजूने घेतलेला आक्षेप मला मोलाचा वाटतो. तरीही पेडरसन उपकरणाविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्याचा विचार आजच्या रायफलीशी तुलना करून न करता १९१८ च्या खंदकाच्या संदर्भात करायला हवा. तिथे अंतर कित्येकदा शंभर-दोनशे मीटर असे आणि प्रतिस्पर्ध्याच्या हातात प्रत्येक गोळीमागे बोल्ट ओढावी लागणारी रायफल होती. अशा ठिकाणी आठव्या हिश्श्याच्या ताकदीच्या ४० गोळ्यांचा उपयोग नगण्य म्हणता येणार नाही. शिवाय त्या उपकरणाचे काडतूसही पूर्णपणे वाया गेले नाही. फ्रान्सने त्यावरूनच आपले ७.६५ मिमीचे लांब काडतूस घेतले आणि मास-३८ सबमशीनगनसाठी वापरले.

शुद्ध वेळेने हरलेली रायफल शोधायची तर मी टी२०ई२ चे नाव घेईन. जॉन गॅरंड यांनी आपल्याच रायफलीला २० काडतुसांचे मॅगझिन आणि एकेक किंवा सलग गोळीबार निवडण्याची सोय दिली. काडतूस तेच, कारखाना तोच, सैनिकाच्या ओळखीची रायफल. १९४५ मध्ये एक लाख रायफलींची मागणी नोंदवली गेली आणि जपानच्या शरणागतीनंतर ती रद्द झाली. सुभेदार साहेबांच्या, लोहकाम यांच्या आणि माझ्या अशा तिन्ही कसोट्यांवर ती उतरत होती. अमेरिकेला तशी रायफल एम१४ च्या रूपाने १९५७ मध्ये मिळाली, म्हणजे बारा वर्षांनी.

लोहकाम

धनुर्धर, एक लाखाच्या मागणीबाबत कारखान्याच्या बाजूने एक भर घालतो. सलग गोळीबारात एवढ्या ताकदीच्या काडतुसाने हलकी रायफल वर उसळते आणि नेम राहत नाही. एम१४ ला पुढे हीच अडचण आली आणि अनेक रायफलींवरची सलग गोळीबाराची सोय बंद करून ठेवावी लागली. टी२०ई२ सेवेत गेली असती तर हा धडा अमेरिकेला दहा वर्षे आधी मिळाला असता. यंत्र म्हणून ती निर्दोष होती, हे मात्र मान्य.

शरयू_मॅसॅच्युसेट्स

धाग्यात उल्लेखलेल्या अमेरिकी रायफलींमागचे स्थळ पाहायचे असल्यास इकडे आल्यावर स्प्रिंगफील्ड गावाला अवश्य जावे. १९६८ मध्ये बंद झालेला तिथला शस्त्रागार आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपला आहे आणि गॅरंड यांच्या प्रायोगिक रायफलींचा मोठा संग्रह तिथे आहे. आमचा मुलगा एका जुन्या नमुन्यापुढे बराच वेळ उभा राहून त्यावरच्या हातकानशीच्या खुणा मोजत होता. छापील चित्रात गुळगुळीत दिसणाऱ्या या वस्तूंवर हातकामाच्या किती खुणा असतात, हे प्रत्यक्ष पाहिल्यावरच कळते.

कुतूहल

जपानने गॅरंडची नक्कल केली होती असे कुठेतरी वाचले होते. ती या यादीत बसते का?

धनुर्धर

नक्की बसते, आणि काडतुसाच्या मुद्द्याशीही तिचा थेट संबंध आहे. योकोसुका येथील नौदलाच्या शस्त्रागाराने हाती लागलेल्या गॅरंडवरून युद्धाच्या अखेरीस ७.७ मिमीची अर्धस्वयंचलित रायफल बनवली. तिला चौथा किंवा पाचवा प्रकार अशा दोन्ही नावांनी ओळखतात. गॅरंडमध्ये आठ काडतुसांची पत्र्याची क्लिप अख्खीच आत बसते. ती क्लिप बनवण्याचा आणि पुरवण्याचा नवा व्याप टाळण्यासाठी जपानी कारागिरांनी आत दहा काडतुसांचे मॅगझिन ठेवले आणि सैनिकाच्या पिशवीत आधीच असलेल्या पाच-पाच काडतुसांच्या दोन पट्ट्यांनी ते भरण्याची सोय केली. सुमारे अडीचशे रायफलींचे भाग तयार झाले आणि त्यांतल्या निम्म्या जोडून झाल्या होत्या, तेव्हा ऑगस्ट १९४५ आला.